शेवटी जाणारा ओपनर

१ फेब्रुवारी, सकाळी सहा
आजपासून रोज पळणे. रविवारी, २१ तारखेला ऑफिस विरुद्ध वर्कशॉप मॅच. यंदा ओपनिंग मीच करणार, हे पक्कं. क्रिकेट माझ्या रक्तात आहे. बाहेर फार गार आहे. स्नायू आखडला तर टीमचंच नुकसान. उद्यापासून पळू.

२ फेब्रुवारी
पळालो. कोपऱ्यापर्यंत. तिथे बस उभीच होती. आलेली संधी सोडायची नाही, हे क्रिकेटनंच शिकवलं.

५ फेब्रुवारी
लेकीला सांगितलं, मी ओपनर आहे. ती आठवीत आहे, आजवर मॅचला कधी आली नाही. यंदा येते म्हणाली, मैत्रिणींनाही आणते म्हणाली. मैत्रिणी कशाला, असं मी विचारलं. बायको म्हणाली, खरंच, कशाला? तिचा सूर आवडला नाही.

११ फेब्रुवारी
कप्तान म्हणजे डिस्पॅचमधला पोरगा, मिसरूड आत्ता कुठे फुटलंय. त्यानं बॅटिंगचा क्रम लावला. मी अकरावा. म्हणाला, काका, अनुभवी माणूस शेवटी हाताशी असलेला बरा. पटलं. 'काका' तेवढं खटकलं.

आमच्याकडे पद्धत अशी, की बॅटिंग करणाऱ्या टीमनंच अंपायर द्यायचा. ज्याचा नंबर लांब, त्याच्या अंगावर पांढरा कोट. त्याचा नंबर आला, की नुकताच आऊट झालेला माणूस तो कोट घालतो. कित्येक वर्षं कोट माझ्याच अंगावर आहे. माझा नंबर येईपर्यंत एकतर आम्ही जिंकतो, नाहीतर ओव्हर संपतात. थोडक्यात, माझी विकेट आजवर कुणालाही घेता आलेली नाही. लेकीला हे सांगितल्यावर ती हरखून गेली.

१६ फेब्रुवारी
कपाटाच्या आरशासमोर कव्हर ड्राइव्हची प्रॅक्टिस. आरशाला तडा. म्हणजे हात मोकळा सुटतोय. बायकोला हे समजावता आलं नाही.

२१ फेब्रुवारी, सकाळी
कोटाच्या आत पॅड बांधूनच अंपायरिंग करणार. ऐन वेळी धांदल नको. लेकीनं मैत्रिणींना मी ओपनर असल्याचं सांगून टाकलंय. आज बॅट हातात आली नाही, तर पोरीसमोर तोंड दाखवायला जागा नाही. नाश्ता गेला नाही. दोनदा घेतला, पण गेला नाही.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

फिल्डिंग करताना एक कॅच सुटला. ऊन डोळ्यांवर आलं. ढग होते, पण ढगामागे ऊन होतंच.

मग आमची बॅटिंग. कोट चढवला. मैदान छोटं, लेक मैत्रिणींना घेऊन किपरच्या मागे दोरीपाशी बसलेली. ओव्हर संपली की विचारायची, बाबा, तुम्ही कधी? मी सांगितलं, मुरलेला ओपनर आधी पिच बघतो.

आठ गेले. दहावा कॅशिअर आला. माझा जिवलग, आम्ही एकाच टेबलावर डबा खातो. आयुष्यात त्याच्या बॅटला बॉल लागला नव्हता, आणि आज गड्यानं दोन चौके हाणले! शेवटची ओव्हर, चार रन हवेत. सगळे नाचायला लागले. मला मात्र रडू यायला लागलं. त्यानं आणखी एक मारला, की मी कोटातच राहणार होतो. पॅडच्या आत घाम नुसता निथळत होता.

पुढचा बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर. कॅशिअरनं बॅट फिरवली. किपर ओरडला. मला आवाज आला. बारीकसा, पण आला. बोट वर गेलं.

कॅशिअर म्हणाला, अरे, तू आपल्या टीमचा आहेस! मी म्हटलं, अंपायरला टीम नसते. आणि कोट काढला. आतले पॅड त्यानं खालपासून वरपर्यंत बघितले. पद्धतीप्रमाणे कोट त्यानं घातला.

मी गार्ड मागितला. त्यानं दिला नाही. बॉल लेग स्टंपच्या इतका बाहेर, की किपर आडवा पडला. पॅडला चाटून गेला, एवढंच. अपील कुणीच केलं नाही. बोलर तर पाठ फिरवून निघाला होता. तेवढ्यात कॅशिअरचं बोट वर. ते बघून मग बोलरनं अपील केलं.

हरलो.

२२ फेब्रुवारी
कॅशिअरनं डबा दुसऱ्या टेबलावर नेला. कप्तान म्हणाला, पुढच्या वर्षी तुम्हाला अंपायरिंगला उभं करायचं नाही, असं ठरलंय. मी म्हटलं, उत्तम, आता बॅटिंगकडे लक्ष देता येईल. तो म्हणाला, काका, टीममध्येच नाही. पोरांना पारख नाही. वर्कशॉपमध्ये बदली मागावी का?

२३ फेब्रुवारी
माझ्या बाबांना चुकीचं आऊट दिलं, असं लेक शाळेत सगळ्यांना सांगून आली. छाती भरून आली. जेवताना मी म्हटलं, कॅशिअरनं असं करायला नको होतं, अंपायरच्या हातात माणसाची अब्रू असते.

लेक म्हणाली, बाबा, मी किपरच्या मागेच होते. कॅशिअरकाकांच्या बॅटमध्ये आणि बॉलमध्ये केवढी तरी जागा होती.

मी म्हटलं, आवाज आला होता.

ती म्हणाली, असू दे, मी कुणाला सांगितलं नाहीये. मग माझं ताट उचलून आत घेऊन गेली. बायको काहीच बोलली नाही. आज ती बोलली असती, तर फार बरं झालं असतं.