माझ्यानंतर पुकारा नाही

मी, केसर बुधाजी साळवी, वय छप्पन्न, धर्म ख्रिस्ती, व्यवसाय माध्यमिक शाळेत संस्कृतची शिक्षिका, राहणार सुरूवाडी, रेवदंड्याजवळ, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दबावाखाली न येता लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्याने दहावीच्या वर्गाला विचारावे. हृदयाची एक झडप मात्र शाबूत नाही. ती बदलून घ्यायला सोमवारी मांडव्याहून बोटीने मुंबईला जायचे आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. डॉक्टरांना आमच्या घरातला देव ठाऊक नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर आणखी एखादे करायला मिळाले तर माझी हरकत नाही.

१. राहते घर, तीन खोल्या व पडवी, माझ्या पगारातून बांधलेले. हे माझी भाची प्राप्ती, म्हणजे धाकटा भाऊ विनेश याची मुलगी, सध्या अकरावीत, हिला द्यावे. पडवीत भाड्याने स्कूटर द्यायचे दुकान काढण्याचा विनेशचा बेत आहे, असे कानावर आले आहे. तो त्याने बेतच ठेवावा.

२. नारळ-सुपारीच्या वाडीतला माझा अर्धा हिस्सा विनेशला, पण कलम ७ मधल्या अटीवर. कुंपणालगतचा फणस शेजारचा रावजी आपला म्हणतो. तो त्याचा नाही. रावजी या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, हे ऐकून तो बराच हिरमुसला. म्हणून फणस मी देत नाही. रावजी नेतो तिकडे काणाडोळा करते, आजवर केला तसा.

३. संस्कृतची पुस्तके शाळेला. विळी भावजयीला, म्हणजे विनेशची बायको सुचिता हिला. माझ्या हातचे कालवण तिला कधी आवडले नाही. त्यात विळीचा दोष नव्हता.

४. आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, पितळी बिल्ला आणि त्याबरोबर आलेला पुकारा.

आबा कोर्टात पट्टेवाले होते. जन्मभर मॅजिस्ट्रेटच्या दाराशी उभे राहून त्यांनी नावे पुकारली, आणि देव त्यांच्या मनात आला तो खुर्चीत बसूनच आला. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, आबा तिथले पंच, त्यामुळे देवळातली (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) उपासनाही त्याच घडणीची झाली. पाळक आत आले की सगळे ताडकन उभे. पुढचे बाक रिकामे, कारण साहेबाच्या इतके जवळ बसणार कोण? खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचे. आणि प्रभुभोजनाच्या रविवारी आबा दाराशी उभे राहून प्रत्येकाचे नाव तीनदा पुकारत, "हाजिर हो!" ज्याचे मन स्वच्छ असेल त्याने "हाजिर" म्हणून भाकर घ्यायला पुढे यायचे. गप्प राहील त्याला आबा मोठ्याने "गैरहजर" म्हणत, आणि भाकर त्याला वगळून पुढे जाई. असे दुसऱ्या कुठल्या देवळात होत नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. तोवर वाटे, येशूनेही शिष्यांची हजेरी घेऊनच भाकर मोडली असणार.

आबांमागून पुकारा माझ्याकडे आला. वर्गात ओरडून कमावलेला आवाज होताच. रावजी कुंपणापलीकडून विचारायचा, "बाय, आज कोणावर वॉरंट निघालाय?"

"सगळ्यांवरच," मी म्हणायची.

"मंग तुमचा देव तुमाना वलखत न्हाय काय? आमच्या देवाला नाव सांगावा लागत न्हाय. नारल फोडला का झाला."

"आणि नारळ खातो कोण?"

"आमीच! त्याला काय दात हायेत?"

मी हसायची आणि हसत हसत देवळाच्या दाराशी जाऊन उभी राहायची. तिथे पाऊल टाकले की हसू आपोआप आत जाई. संस्कृत शिकवणाऱ्या बाईला देवाला हाक मारायला किती तरी नावे येतात. मला तिथे एकही आठवत नसे.

५. आमच्या आईकडून मला वस्तू अशी काही मिळाली नाही, म्हणून इथे देण्यासारखे काही नाही. पण नोंद असावी. आई, सोनूबाई, देवाशी चुलीपुढे बोलायची. "बस रे बाबा, पेज होतेय," असे. तिचा देव उन्हातून चालून आलेला पाहुणा होता, ज्याला आधी पाणी द्यायचे आणि मग विचारपूस. एका रविवारी ती आबांशी भांडून देवळात आली होती. नाव पुकारल्यावर गप्प राहिली. आबांनी आपल्या बायकोला "गैरहजर" म्हटले. त्याच वर्षी ती काविळीने गेली. कबरस्तानातून परतताना आबा मला म्हणाले, "गैरहजर राहिली. बघ." रागाने नव्हते म्हणाले. त्यांचे ओठ थरथरत होते. तेव्हापासून मी एकदाही हाजिर म्हणायची चुकले नाही; मन स्वच्छ असो, नसो, अंगात ताप असो.

६. गेल्या प्रभुभोजनाला मी पुकारले, "प्राप्ती विनेश साळवी, हाजिर हो!" ती बाकावर बसलेली, माझ्याकडे बघत. गप्प. दुसऱ्यांदा पुकारले. तिसऱ्यांदा. यापुढचा शब्द मला उच्चारता येईना. सगळी मंडळी माना वळवून माझ्याकडे पाहत राहिली. शेवटी विनेश उठला आणि म्हणाला, "गैरहजर." बाप म्हणाला. पोर उठून बाहेर गेली. तेव्हापासून उपासना चालू असते आणि ती आवारातल्या सुरूच्या झाडाखाली बसून असते.

मी तिच्याजवळ गेले. "का गं बोलली नाहीस?"

"आईशी भांडून आले होते. हाजिर म्हटलं असतं तर खोटं झालं असतं ना?"

"बरं, मग आता चल आत."

"आता काय! वरती नोंद झाली असेल." ती हसली, मग एकदम म्हणाली, "आत्या, आजी गप्प राहिली म्हणून मेली ना? पप्पा बोलले."

"आजीला कावीळ झाली होती."

"मग तू का दर वेळी हाजिर म्हणतेस?"

ही मुलगी हल्ली साधी शिंक आली तरी कपाळाला हात लावून ताप बघते.

७. आमचे पाळकसाहेब, रेव्हरंड स्वप्निल, वयाने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढे आहेत. ते म्हणाले, "केसरताई, या रविवारी प्रभुभोजनाचं मेजच बाहेर आणू या. सुरूखाली. नाव कोणाचंच घ्यायचं नाही. भाकर हातोहात फिरेल." मी हो म्हटले आणि घरी येऊन दाराला कडी लावून बसले.

विनेश आलाच. "ताई, ऑपरेशनच्या तोंडावर आबांचा नियम मोडतेस? वर गेल्यावर काय सांगशील?"

"वर दाराशी आबाच असले तर मला काही सांगू तरी देतील का?"

तो हसला नाही. मलाही हसू आले नाही.

तरीही लिहिते. बिल्ला माझ्या शवपेटीत ठेवून माझ्याबरोबर पुरावा. पुकारा मी कोणालाही देत नाही. विनेशने मागितला आहे, त्यालाही नाही. माझ्या अंत्यविधीला कोणाचे नाव पुकारू नये. लोकांनी पुढच्या बाकांवर बसावे आणि खोकला आला तर बसल्या जागी खोकावे.

आणि वाडीबाबतची अट अशी. मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेले, तर पुकारा बंद केला म्हणून आत्या गेली, असे विनेशने प्राप्तीला कधीही सांगू नये. शब्दाने नाही, उसासा टाकून नाही, नुसते "बघ" म्हणूनही नाही. झडप खराब होती, एवढेच सांगावे. त्याने ते एकदा जरी सुचवले, तरी माझा हिस्सा मंडळीकडे जाईल. पुरावा म्हणून प्राप्तीचा शब्द पुरे. विनेश, तुला शिक्षा करायची नाही रे. आबांनी मला सांगितले तेव्हा तू लहान होतास, माझे बोट धरून चालत होतास. तूही ऐकलेस.

८. राहिले माझे भय. ते वडिलोपार्जित आहे आणि सध्या पूर्णपणे माझ्या ताब्यात आहे. देव आबांचाच निघाला तर सोमवारी मी त्याच्या हाती आहे. पण वडिलोपार्जित असले तरी याला माझ्यामागे वारस नाही. प्राप्ती आणि तिच्या पुढच्या कोणाचाही यावर हक्क नाही. हे मी एकटीच बोटीवर घेऊन जाते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि खालील दोघांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: केसर बुधाजी साळवी

साक्षीदार:
१. रेव्हरंड स्वप्निल भंडारे, पाळक
२. रावजी हिरू म्हात्रे, शेजारी

ठिकाण: सुरूवाडी, तालुका अलिबाग
दिनांक: २९ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार