दरवाजा उघडणाऱ्याचं नाव

अल्लाहच्या नावाने. मी, म्वानाशा बिन्ती बकारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा टोप्यांवर भरतकाम, राहणार उत्तर आळी, उझियो बेट, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही. एवढ्या ओळी लिहिताना दोनदा उठून अंगणात जाऊन आले.

कलम एक. प्रवाळी दगडाचं हे घर शरियतप्रमाणे निम्मं माझी एकुलती मुलगी तिमा हिला आणि निम्मं माझा धाकटा भाऊ शेबवाना याला जाईल. त्यात ढवळाढवळ करण्याचा मला अधिकार नाही. असता तर केली असती.

कलम दोन. सुया, रेशमाच्या गुंड्या आणि अर्धवट राहिलेल्या टोप्या मुलींच्या शाळेला द्याव्यात. निळ्या नक्षीची टोपी शेबवानाने स्वतःसाठी करायला सांगितलेली आहे. ती कोणी पुरी करू नये.

कलम तीन. आमच्या सुलतानांची बखर. अरबी हस्तलिखित मशिदीचं आहे, ते मशिदीतच राहील. छापील भाषांतरावर शेबवानाचं नाव आहे, पण वडिलांनी अरबी शिकवलं ते मला. धड्याच्या वेळी तो समुद्रावर पळून जायचा. सन १९६४ मध्ये आठ महिने बसून मी ती बखर स्वाहिलीत उतरवली. माझ्या चार वह्या कपाटात आहेत, त्या मशिदीत शिकवणारे मुअल्लिम फुमो यांच्या ताब्यात द्याव्यात. कारण पुढीलप्रमाणे.

सुलतानांचा अंमल कसा बुडाला, ते बखरीत एका ओळीत आहे: वझिराने आपल्या हाताने समुद्राकडचा दरवाजा उघडला आणि फिरंगी आत आले. त्या वझिराचे आम्ही वंशज. शेबवानाची तेव्हा बेटाचा मुखिया म्हणून नेमणूक व्हायची होती. ओळ ऐकून तो म्हणाला, "ताई, वझिराच्या जागी दक्षिण आळीचे कोळी लिही."

"तसं नाहीये त्यात."

"अरबी वाचणार कोण इथे? आणि कोळ्यांना काय फरक पडतोय?"

मी लिहिलं. त्याने माझा हात धरून लिहून घेतलं नाही. मला वाटलं, मेलेल्यांचं पाप मेलेल्यांच्याच माथी गेलं, जित्यांना त्याचं काय.

१९७९ साली तिमाने होड्या बांधणाऱ्या कोंबोशी लग्न करायचं ठरवलं. कोंबो दक्षिण आळीचा. त्याचे वडील रीतीप्रमाणे मागणी घालायला आले, तेव्हा शेबवानाने सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर पुस्तक उघडून माझी ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "दरवाजा उघडणाऱ्यांच्या घरात आमची मुलगी जाणार नाही." म्हातारा वहाणा शोधू लागला. तिमाने माझ्याकडे पाहिलं. "आई, बखर तू वाचलीयस ना? मग बोल की."

मी पानसुपारीचं तबक उचललं आणि आत गेले.

दोघं मोंबासाला गेली, तिथेच लग्न केलं. तीस वर्षांत तिमाने हा उंबरठा ओलांडलेला नाही. माझं घर दोन आळ्यांच्या हद्दीवर, पलीकडे दक्षिण आळीत कोंबोची बहीण रिझिकी माझी शेजारीण. ईदला तिच्याकडे निरोप येतो. त्यात माझी चौकशी असते, माझ्यासाठी निरोप नसतो.

गेल्या महिन्यात मला ताप होता, उठून कडी काढता येईना. रिझिकीने खिडकीतून हात घालून ती काढली, मला पेज भरवली आणि हसत म्हणाली, "घ्या मावशी. आम्ही दारं उघडणारीच माणसं." तिने थट्टा केली. त्यांची मुलंही आता स्वतःला तसंच म्हणवतात. त्या दिवसापासून मला बसवत नाही आणि उभंही राहवत नाही.

कलम चार. माझ्या दफनानंतरच्या पहिल्या शुक्रवारी, नमाजानंतर, मुअल्लिम फुमो यांनी मशिदीच्या ओट्यावर मूळ ओळ आणि माझी ओळ अशा दोन्ही वाचाव्यात, आणि ही लबाडी म्वानाशाची आहे असं सांगावं. शेबवानाने आरडाओरडा केला तरी थांबू नये.

पुरवणी. सहीपूर्वी हे सर्व साक्षीदारांना वाचून दाखवलं. साक्षीदार मुअल्लिम फुमो आणि रिझिकी. रिझिकीला लिहिता येत नाही. शाई लावलेला अंगठा तिने तसाच अधांतरी धरून ठेवला. म्हणाली, "माझे वडील ते मनात घेऊनच गेले, मावशी."

मी कागद तिच्याकडे सरकवला.

"आणि तुम्ही हे मेल्यावर सांगणार? उद्या शुक्रवारच आहे."

"ओट्यापर्यंत चालवत नाही मला."

"मी धरीन. पण बोलायचं तुम्ही."

सबब कलम चार रद्द. ती ओळ उद्या मी स्वतः वाचेन. मुअल्लिमांनी फक्त हस्तलिखित आणून ठेवावं. तिमाला आजच्या बोटीने निरोप धाडला आहे. ती येईल की नाही, मला ठाऊक नाही. बाकीची कलमं कायम.

एवढं ऐकल्यावर रिझिकीने अंगठा उमटवला.

सही: म्वानाशा बिन्ती बकारी
साक्षीदार: १. मुअल्लिम फुमो (सही) २. रिझिकी, दक्षिण आळी (डाव्या हाताचा अंगठा)
ठिकाण: उझियो बेट
गुरुवार, १२ फेब्रुवारी २००९