ठणठणीत मासे

४ मार्च
सर म्हणाले, मोजण्यात चूक झाली असेल, पुन्हा कर.
पुन्हा केलं. परत एकदा केलं. ज्या जनुकातल्या बदलामुळे हृदय निकामी होतं असं सरांनी छापलं, नाव कमावलं, तोच बदल मी माशांमध्ये घातलाय. आणि मासे ठणठणीत! सरांचा पेपर त्यांनी वाचलेला नाही, एवढाच त्यांचा दोष.

९ मार्च
हाच बदल माझ्या ताईमध्ये आहे. बाबा हृदयविकाराने अचानक गेले, मग आम्हा दोघींची तपासणी झाली. मी सुटले, ती सापडली. डॉक्टरांनी सरांच्या पेपरचाच हवाला दिला — मुलांमध्ये उतरू शकतं म्हणाले. ताईने ठरलेलं लग्न मोडलं. आई अजून सावरलेली नाही.
म्हणून तर मी याच प्रयोगशाळेत पीएचडीला आले.

१५ मार्च
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.
"बहिणीला वाचवायचंय, म्हणून तुझे मासे जगताहेत."
म्हटलं, "सर, कुठल्या टाकीत कोणते मासे, हे मोजताना मला ठाऊकच नव्हतं. खुणा मैत्रिणीने केल्या होत्या."
सरांनी माझे तक्ते बाजूला सारले. मग — "सेमिनारमध्ये हे मांडू नकोस. प्रबंधावर सही माझी लागते."
लागू दे.

२२ मार्च
मांडलं. धडधाकट म्हाताऱ्यांमध्येही हाच बदल सापडतो, तेही दाखवलं. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "मला यात खोट दिसत नाही. बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासून घेऊ." सर मधूनच उठून गेले.
उद्या माझं टेबल काढून घेतील कदाचित. व्हरांड्यात बसेन.

२३ मार्च
काढलं. बसले.

१८ जून
बाहेरच्यांचंही उत्तर तेच! बदल निरुपद्रवी. बाबा कशाने गेले ते नव्याने शोधावं लागेल. शोधीन.
संध्याकाळी ताईकडे जाते. तिचं आयुष्य तिला परत द्यायला.

१९ जून
ताईने मला आत घेऊन दार लोटून घेतलं. म्हणाली, "मरायची धास्ती गेली, बरं झालं. पण लग्न मला कधी नकोच होतं गं. आईला नाही म्हणायची छाती नव्हती, ते काम त्या तपासणीने केलं." तिने ओढणी सारखी केली. "आता आईला माझं मीच सांगते. तू फक्त शेजारी उभी राहा."
राहिले.