ब्रामचं खिमट

आइंडहोवन,
१२ जानेवारी २०२५

ती. आईंना,
विशाखाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, आम्ही तिघंही बरे आहोत. फोनवर मागून जयेश आणि जुई सूचना देत असतात, आणि तुम्हीही बरंय, ठेवते, म्हणून मोकळ्या होता. म्हणून लिहायला बसले.

काळजी ब्रामची आहे. कुत्र्यांना बेदाणे विषासारखे, ते ऑक्टोबरमध्ये पोटात जाऊनही तो वाचला, पण किडनी जरा नाजूक झाली. डॉक्टरांनी दिलेलं डब्यातलं खाणं तो हुंगतो आणि तुमच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसतो. दीड किलो वजन उतरलंय. घरचं शिजवलेलं चालेल असं डॉक्टर म्हणाल्या, फक्त त्यात काय काय घालता ते लिहून मागितलंय. प्रमाण त्या ठरवून देणार आहेत. तुम्ही करायचात ते खिमट मी दोनदा करून पाहिलं. पहिलं खाली लागलं. दुसरं जुईनं खाल्लं आणि बरं झालंय असं डचमध्ये सांगितलं.

मला कृती कळवाल? आणि उन्हाळ्यात याल का? मागच्या खेपेला व्हिसाचा सव्वा महिना शिल्लक असताना निघालात. घर अजून त्या महिन्याची वाट पाहतंय असं वाटतं. म्हणजे मीच पाहतेय.

तब्येतीला जपा. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

आपली,
विशाखा


सातारा,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. विशाखास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. खिमट खाली लागतं याचा अर्थ तू गॅसवर ठेवून लॅपटॉप उघडतेस. मूठभर तांदूळ धुऊन पाचपट पाण्यात शिजत लावायचे. अर्धेकच्चे झाले की साल काढलेला लाल भोपळा आणि किसलेलं गाजर घालायचं, आणि दाणा दिसेनासा होईतो ढवळायचं. वरून उकडलेल्या कोंबडीचे चार धागे किंवा अंड्याचा पांढरा. मी मूठभर मूगडाळही घालत असे, पण किडनीचं आहे तर ती डॉक्टरांना विचारून. मीठ नाही, फोडणी नाही, कांदा-लसूण तर ज्या पळीला लागला असेल त्या पळीनेसुद्धा ढवळायचं नाही. मनगटावर थेंब टाकून बघायचा, लेकराला बघतो तसाच. आणि भांडं खाली ठेवून निघून जाऊ नकोस, शेजारी बस. त्याला जेवताना कोणीतरी बोलणारं लागतं. जयेशही असाच होता, गोष्ट संपली की तोंड बंद.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिल्याशिवाय मात्र एक दाणा घालू नकोस.

येण्याबद्दल विचारू नकोस. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा मी मुक्या जीवाचा वाटा म्हणून त्याला दिला, आमच्याकडे तशी पद्धतच आहे, आणि पुढे काय झालं ते तू पाहिलंस. माझ्या हातून काही त्याच्या पोटात जाणं आता नको. खरं सांगायचं तर त्याची फार आठवण येते. बाजारात भोपळा दिसला की हात पुढे जातो. मग एकटीला एवढा कशाला म्हणून परत ठेवते. तुम्ही निदान फोनवर दिसता, तो दिसला तरी त्याला मी कुठे कळते!

जुईला गोड पापा. देव तुम्हा सर्वांना सुखात ठेवो.

तुझी,
आई


आइंडहोवन,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. आईंना,
सा. न.

ब्राम जेवला. डॉक्टरांनी डाळ काढून टाकली, एक पावडर घालायला दिली, बाकी सगळं ठेवलं. मी शेजारी बसले आणि काय बोलावं ते सुचेना, म्हणून भाजीपाल्याचे भाव सांगितले. त्याने भांडं चाटून पुसून ठेवलं. मला मात्र तिथेच रडू आलं, आणि आता हे लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

आई, ते तुमच्या शिऱ्यानं झालं नाही. माझ्या नाश्त्याच्या म्यूस्लीचं पाकीट मी खाली फडताळात उघडं ठेवलं होतं, त्यात मूठ-दोन मुठी बेदाणे होते. पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते जमिनीवर रिकामं मिळालं. मी घाईत कचऱ्यात टाकलं. दुपारी डॉक्टरांनी द्राक्षं-बेदाणे खाल्ले का विचारलं, तेव्हा मला ते पाकीट आठवलं. तेवढ्यात जयेश शिऱ्याचं बोलून गेला, तुमच्याकडे बघून नको ते बोलला, आणि तुम्ही मान खाली घातलीत. मी गप्प राहिले. एक दिवस गेला, मग आठवडा, मग तुम्हीच गेलात.

काल जयेशला सगळं सांगितलं. तो तुम्हाला फोन करायला निघाला होता, आधी माझं पत्र पोचू दे म्हणून मी थांबवलं. क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागते.

रागावा, पण माया तोडू नका.

आपली,
विशाखा


सातारा,
१५ मार्च २०२५

चि. सौ. विशाखास,
अनेक आशीर्वाद.

शिऱ्यात बेदाणे नव्हतेच. जुई ते वेचून ताटाच्या कडेला लावते म्हणून मी त्या दिवशी नुसते काजू घातले होते. जयेशने दोनदा मागून खाल्ला आणि त्याला पत्ता नाही, यात मला नवल वाटत नाही. फडताळातलं पाकीटही मी आदल्या दिवशी पाहिलं होतं.

बोलले नाही, कारण तू सोमवारी नव्या नोकरीवर जाणार होतीस. पाच वर्षं घरात बसून मिळवलेली नोकरी. जयेश घाबरला की ओरडतो, त्याच्या वडिलांसारखाच. म्हटलं, माझ्यावर ओरडू दे, मी चार दिवसांत विसरेन. विसरलेही.

लागलं ते दुसरंच. तो दवाखान्यातून घरी आला तेव्हा मी त्याच्यासाठी पाण्याचं भांडं उचललं, आणि तू राहू द्या म्हणून ते माझ्या हातातून काढून घेतलंस. तुला खरं ठाऊक असूनही घेतलंस. त्यानंतर मला त्या घरात हात कुठे ठेवावेत ते कळेना. म्हणून निघाले. तूच येऊन सांगशील अशी रोज वाट पाहिली, इथे आल्यावरही. आज पोस्टमन आला आणि मी दारातच उभ्याउभ्या वाचलं.

आता नीट ऐक. व्हिसासाठी बोलावणाऱ्याचा एक फॉर्म असतो, तो तिथल्या नगरपालिकेत नेऊन सही करावी लागते. मागच्या वेळी जयेशने भरला होता. आता तुझाही पगार आहे. या खेपेला त्या फॉर्मवर तुझं नाव घाल.

तुझी,
आई