मेडिकलमधलं पॅराफिन

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी पनवेलच्या बाजारातल्या त्या मेडिकलसमोरून जाताना मला अजून तोंड लपवावंसं वाटतं. मेणबत्तीचं मेण वापरून तुमचा एक प्रयोग वर्षभर फसत होता, म्हणून तुम्ही मला, दहावीतल्या मुलीला, तिथून लिक्विड पॅराफिन आणायला पाठवलंत. दुकानदाराने विचारलं, "कोणाला होत नाही?" ते पोट साफ व्हायचंही औषध असतं हे मला ठाऊक नव्हतं; वाटलं, प्रयोगाबद्दल विचारतोय. मी म्हणाले, "सरांना. वर्षभर प्रयत्न करतायत." त्याने बाटलीबरोबर इसबगोलचं पाकीट फुकट दिलं.

आई बाजारात भाजी विकायची, संध्याकाळपर्यंत बातमी तिच्याकडे पोचली. "मास्तरांना वरीसभर तरास हाय, न तू मला सांगलं नाय?" सकाळी तिने माझ्या हातात पिकलेली पपई दिली. वर्गात येते तर तुमच्या टेबलावर आधीच दोन पपया आणि केळ्यांचा घड. तुम्ही फळांकडे बघता, मग माझ्याकडे. "मेडिकलमध्ये नक्की काय बोललीस?" मी सांगते. अख्खा वर्ग हसून बाकाखाली. मला वाटतं, संपली माझी शाळा.

तुम्ही फळं बाजूला सारून प्रयोग मांडलात. परीक्षानळीच्या तळाशी पॅराफिनात भिजवलेला कापूस, पुढे फुटक्या मडक्याच्या खापऱ्या, त्यांच्याखाली बर्नर, बुचातून निघालेली नळी पाण्यात. "पॅराफिनचे रेणू म्हणजे कार्बनच्या लांबलचक साखळ्या. जाड, आळशी. काडी लावली तरी पेटत नाहीत. पण तापलेल्या खापरीवरून वाफ गेली की साखळ्या तुटतात, आखूड होतात. कामाच्या त्या." पाण्यातून बुडबुडे आले. साठलेल्या वायूला काडी लावताच पिवळी ज्योत भकन उठली. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "वर्षभर अडलेलं आज मोकळं झालं. जा, बाजारात सांगून ये."

आता मी पेट्रोकेमिकल कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये असते. भट्टीत कच्च्या तेलातून निघालेला नाफ्था आणि पाण्याची वाफ एकत्र जातात, डोळ्याचं पातं लवायच्या आत साखळ्या तुटतात, प्लास्टिक बनवायचं इथिलीन निघतं. खापऱ्या लागत नाहीत, नुसती प्रचंड उष्णता. मुलाखतीत मी हेच समजावलं तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, "इतकं स्पष्ट कोणी शिकवलं तुला?" शाळेतल्या सरांचं नाव घ्यायची मला लाज वाटली. मी कॉलेजातल्या प्रोफेसरांचं घेतलं. त्यांच्या तासाला मी झोपायचे.

हे तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. तुम्ही होतात तेव्हा मी राहते त्या रोडपालीहून तुमचं घर रिक्षाने वीस मिनिटांवर होतं. वेळच मिळाला नाही, असं मी सगळ्यांना सांगते. वेळ होता, सर.