पिवळ्या खांबापासून मोजणी

३ मार्च, सोमवार

साठ आणि चाळीसची सरासरी अठ्ठेचाळीस! मी म्हटलं पन्नास. लेक हसली. "आई, जाताना साठ, येताना चाळीस. हळू चाललं की वेळ जास्त जातो. म्हणून सरासरी हळूकडे झुकते." शनिवारी तिचा पेपर. तुला समजलं म्हणजे मला समजलं, म्हणते. मी चौथी पास. डोकं उठवलं कार्टीने — पण समजलं!

४ मार्च

बारा वर्षं खाणीच्या फाटकावर गाड्यांच्या वेळा लिहितेय. आज पहिल्यांदा त्या वाचल्या. कामगारांची बस आमचे हे चालवतात. घाट उतरून स्टेशन, तिथून लगेच माघारी — एकूण अठ्ठेचाळीस किलोमीटर. गेल्या महिन्यात बहात्तर मिनिटं. म्हणजे ताशी चाळीस. आता शहाण्णव. ताशी तीस!

जेवताना विचारलं, "वाटेत कोण भेटते हो?" हसले नाहीत. "रस्ता खराब आहे. तू तुझी वही भर." अर्ध्या ताटावरून उठले.

रस्ता तोच आहे. मला काय डोळे नाहीत?

५ मार्च

आज लेकीने ब्रेकचं गणित घेतलं. सेकंदाला बारा मीटर धावणारी गाडी चार सेकंदांत थांबली, तर दर सेकंदाला वेग तीनने तुटतो. सहा सेकंद लागले तर दोननेच. ब्रेक कमी धरला.

मग फाटकावर मोजलं. आमच्याकडे सगळेच उतारावर पिवळा खांब आला की ब्रेक दाबतात आणि माझ्या पांढऱ्या पट्ट्यावर थांबतात. डंपर — चार. दुसरा डंपर — चार. ह्यांची बस — सहा! पट्टा ओलांडून बसभर पुढे. हातातला चहा सांडला.

मुकादम म्हणाला, "बाई, तुम्ही फाटक उघडा, लावा. शास्त्रज्ञ नका होऊ." मिस्त्री खाली बघत म्हणाला, "ब्रेकचं सामान मागून महिना झाला, वहिनी."

६ मार्च

बस — चार! पट्ट्याच्या बरीच अलीकडे थांबली. झालं काम. उगाच जीव टांगणीला लावला.

लेकीला सांगितलं. ती पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "आई, खांबापाशी वेग नेहमीएवढाच होता का?"

७ मार्च

नव्हता. आज नीट बघितलं. वळणापासूनच बस गोगलगाय. ह्यांचा एक हात हँडब्रेकवर. मान घामाने भिजलेली — ऊन नव्हतं तरी!

म्हणजे काही दुरुस्त झालेलं नाही. माणूसच ब्रेक झालाय.

घरी तोंडावर विचारलं. "ब्रेक गेलेत ना?" म्हणाले, "सांभाळून नेतो ना मी." मी म्हटलं, घाटात कशाने सांभाळता, मिशांनी? पीळ देता का त्यांना? लेक पलीकडे सूत्रं पाठ करत होती. मी तिच्याकडेच बघत राहिले. उद्या ती ह्याच बसने पेपरला जाणार. वर कामाची पाळी सुटलेली चाळीस माणसं.

८ मार्च, शनिवार

फाटकाला कुलूप घातलंय. केबिनला आतून कडी. किल्ली मुठीत, म्हणून अक्षर वाकडं.

लोक शिव्या घालताहेत. हे उतरून खिडकीशी आले. सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले — "उघड! पोरीचा पेपर आहे!" मग गजाला तोंड लावून, हळूच — "उघडू नकोस गं."

मुकादमाने ह्यांच्या जागी दुसऱ्याला सीटवर बसवलंय. स्वतः कुलपाकडे घण घेऊन येतोय. लेकीला हाक मारतेय, उतर म्हणून. ती बसमधून घड्याळ दाखवतेय.