मैथिलीच्या उष्टावणातला चोर

दर्यापूर, मंगळवार

ती. शालूबाईले धाकट्या सिंधूचा पाया पडून नमस्कार.

तुहा खोकला कसा हाय अन शेंदूरजन्याचा बगीचा कसा हाय, ते कळवजो. इकडं सारे ठीक हावो. फोन केला की तू मधातच बोलतं, म्हणून कागद घेतला. (चुका मोजू नको, चौथीतच शाळा सुटली.)

तं आपल्या मैथिलीच्या, माह्या नातीच्या उष्टावणात तू होतीच. मामानं खीर चाटवली, तेवढ्यावर भागलं असतं. पण आपले लोक थांबतात का? आत्यानं वरण, काकूनं केळं, तुनं तुह्या बगीच्यातल्या संत्र्याचा रस, म्या दाण्याचं बारीक कूट पातळ करून. पाच मिनिटात लेकराच्या तोंडाभोवती लाल चट्टे. दाण्यानंच झालं म्हणून साऱ्याइनं माह्याकडंच पायलं. आचलनं (सून म्हणून सांगत नाही, पोरगी चांगली हाय) लेकरू उचललं अन म्हणाली, "आई, आजपासून तुमी तिले काहीच चारू नका." बारा दिवस नातीले माह्या हातचा घास नाही. मले जेवण गोड लागत नव्हतं, बाई.

मंग अमरावतीच्या डॉक्टरीणबाईकडं गेलो. तिनं इचारलं, नेमकं कायनं झालं? आचलनं अन म्या पाचही वस्तू बोटावर मोजून सांगतल्या. ती म्हणे, एकाच दिवशी सारं चारता, मंग चोर कसा सापडन? एका वेळी एकच नवी वस्तू, मंग तीन दिवस थांबा. अन सहा महिन्याच्या लेकराले दाणा भिऊन बंद करू नका, उशीर केल्यानंच पुढं त्रास व्हायची भीती. पण अख्खा दाणा कधीच नाही. तिथंच तिच्यासमोर कूट चाटवलं, घंटाभर बसवून ठेवलं. काहीच झालं नाही, पोरगी हासून राहिली. आंबट रस नाजूक कातडीले लागला, त्याचे ते चट्टे, म्हणे.

म्हंजे चोर तुहा संत्रा. आचलनं दवाखान्याच्या पायरीवरच वाटी माह्या हातात देल्ली. मी एक शब्द बोलली नाही. (ऑटोत बसेपर्यंत.) आता कॅलेंडरवर खुणा करून माह्याच हातानं चारणं चालू हाय, अन काकूले वाटीजवळ येऊ देत नाही.

तुही बहीण,
सिंधू

ता.क. खरं काम हे. आता अंड्याची पाळी हाय, पुरतं उकडलेलं. यायच्या, म्हंजे तुह्या जावयाच्या, गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं नाव काढता येत नाही. तं लेकरू घेऊन आचल अन मी आठ दिवस तुह्याकडं येतो. तुह्या घरी सत्यनारायण हाय, असं यायले फोनवर सांगजो.

पुन्हा ता.क. पाकिटावर पत्ता लिहाले यायलेच देल्लं, तं सारं वाचलं. दोन दिवस पाकीट खिशात घेऊन हिंडले, आज काढून देल्लं. म्हणते, नातीसाठी असन तं इथंच उकडा, मी तेवढा वेळ मंदिरात बसतो. तवा सत्यनारायण राहू दे. आमच्या घरात अंडं कोणालेच उकडता येत नाही. किती वेळ ठेवाचं, तेवढं लवकर लिहून धाड.